कोकण किनाऱ्याची तीन दिवसांची सहल: या चुका टाळा

"दादा, हॉटेल बुक झालंय, आता तीन दिवसांत काय काय बघायचं ते सांग." थंडी पडायला लागली की असे फोन सुरू होतात. मी विचारतो, पोहोचताय त्या दिवशी तिथी कुठली? पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "तिथीचा काय संबंध? आपल्याला कुठे पूजा घालायचीय?"

संबंध आहे, आणि तोच पहिला आहे. किनारा रुंद मिळणार की दगडांपर्यंत पाणी असणार, किल्ल्यात चालत जाता येणार की होडी लागणार, मुलांना संध्याकाळी पाण्यात सोडायचं की नाही, हे सगळं भरती-ओहोटीवर ठरतं. लोक मात्र आधी खोली बघतात, मग रील बघून ठिकाणांची यादी करतात आणि पाण्याची वेळ किनाऱ्यावर उभं राहिल्यावर कळते. इतक्या वर्षांत बिघडलेल्या बहुतेक सहलींचं मूळ मला इथेच सापडलं आहे.

भरतीची वेळ न बघता निघणं

कोकणात जुन्या माणसांचा एक साधा हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. आली ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच, आणि ती वेळ दिवसा एकदा आणि रात्री एकदा येते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला एवढं पुरतं. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, तेही बघा. मी दोन्ही बघतो, आणि पहिली नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाते.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांगाची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि तितकंच लांब ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही.

आता हे अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला लावून बघा. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, भरतीला होडी लागते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण अष्टमीला दुपारी बाराच्या ओहोटीची वेळ साधून गेलात, तर भांगामुळे पाणी पुरतं ओसरत नाही आणि कपडे सावरत पाण्यातून जावं लागतं. पौर्णिमेला पाणी छान ओसरतं, पण ते पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. म्हणजे किल्ल्यात पोहोचेपर्यंत अंधार. मी कुलाब्याला द्वितीया-तृतीयेला जातो. उधाणाचा जोर असतो, ओहोटी सकाळी साडेसात-आठच्या आसपास येते, ऊन चढायच्या आत किल्ला बघून माणूस नाश्त्याला परत. सकाळी उठायचं नसेल तर द्वादशी-त्रयोदशी बघा, ओहोटी दुपारी तीन-चारला मिळते. पाणी परत चढायला लागलं की किल्ल्यात रेंगाळायचं नाही, मग फोटो राहिला तरी चालेल.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गाचंही तेच, फक्त तिथे चूक जिवावर बेतते. काळभैरवाच्या देवळामागून पायऱ्या उतरून खडकांवरून समुद्राच्या कडेने डोंगराला वळसा घालायचा असतो. ओहोटीला ती वाट फार सुंदर आहे. लाटांनी कोरलेल्या खडकांवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, हात फिरवावासा वाटतो. भरतीला त्याच खडकांवर लाट येते आणि माणूस ओढून नेते. तिथे माणसं वाहून गेली आहेत. देवळात विचारा, "आत्ता प्रदक्षिणेला जाता येईल का?" नाही म्हणाले तर वरूनच नमस्कार करून परत या.

गाडी वाळूत घालणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण ती मी जवळून पाहिली आहे.

दापोलीकडचा एक किनारा. आम्ही दोन गाड्या घेऊन गेलो होतो. दुसरी गाडी मावसभावाची, घेऊन तीन महिने झालेली. संध्याकाळी साडेपाचला आम्ही पोहोचलो तेव्हा किनारा मैदानासारखा पसरला होता, ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट दिसत होती. आणखी दोन-तीन गाड्या पाण्याच्या कडेने फिरत होत्या. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "अरे दादा, सगळे घालतायत."

शंभर मीटर गाडी छान गेली. मग फोटोसाठी त्याने ती पाण्याच्या अगदी जवळ उभी केली. दहा मिनिटांनी निघायला गेला तर मागचं, मग पुढचं चाक रुतलं. पुढचं सगळं घाबरलेला माणूस करतो तसंच झालं. त्याने ऍक्सिलरेटर दाबला, चाक जागेवर फिरलं, वाळू उडाली आणि गाडी खाली बसली. परत दाबला, आणखी बसली. पाच मिनिटांत गाडीचं पोट वाळूला टेकलं. चाकाभोवतीच्या खड्ड्यात खालून पाणी झिरपायला लागलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

होड्यांजवळ जाळं दुरुस्त करत बसलेले एक काका उठून आले. गाडीकडे नाही, आधी समुद्राकडे बघितलं. म्हणाले, "आज पुनव हाय. पाणी जेवढं लांब गेलंय तेवढंच वर येणार. घाई करा." आमच्यातल्या एकालाही पौर्णिमा असल्याचं ठाऊक नव्हतं, आणि चंद्र पाठीमागे वर येत होता.

काकांनी गावातून पोरं बोलावली. सामान आणि माणसं उतरवली. चाकांतली हवा कमी केली, चाकांपुढची वाळू हातांनी उपसली, खाली फळ्या आणि गोणपाट सारले. पहिल्या प्रयत्नात फळी मोडली. सात वाजता लाटेचा फेस मागच्या चाकाला लागला. साडेसातला ट्रॅक्टर आला तेव्हा पाणी दाराच्या खालच्या कडेपर्यंत होतं. दोर लावला, गाडी हळूहळू वर आली. आतल्या चटया भिजल्या होत्या. खारं पाणी सीटखालच्या वायरिंगमध्ये गेलं होतं, ते पुढे वर्षभर त्रास देत राहिलं. त्या पोरांनी पैसे मागितले नाहीत, आम्ही बळेच दिले. तेव्हापासून कोणी वाळूत गाडी घालायचं म्हणालं की मी खाली उतरतो आणि चालत जातो.

वाळू वरून घट्ट दिसते, पण गाडी थांबली की वजनाने खाली पाणी सुटतं आणि चाकाखालचा आधार जातो. चालत्या गाडीला हे जाणवत नाही, म्हणून नवख्याला धीर येतो. गाडी रुतलीच तर ऍक्सिलरेटरवरून पाय काढा. चाक एकदा जागेवर फिरलं की थांबायचं, उतरायचं, हवा कमी करायची, वाळू उपसायची, फळी किंवा गाडीतल्या चटया चाकाखाली द्यायच्या आणि हलक्या पायाने, शक्यतो आलात त्याच चाकोरीतून मागे घ्यायची. आणि पहिल्याच मिनिटाला गावात हाक द्या, लाज वाटून अर्धा तास घालवू नका. अनेक किनाऱ्यांवर गाडी नेणं मना आहे, आणि ते योग्यच आहे. त्याच वाळूत कासवं अंडी घालतात आणि माणसं लहान मुलांना घेऊन बसलेली असतात.

नकाशातले किलोमीटर खरे मानणं

कोकणचा किनारा सरळ रेषेसारखा नाही. दर थोड्या अंतरावर एक नदी येऊन मिळते आणि खाडी जमीन कापत आत जाते. समोरचं गाव दिसतं, माणसं दिसतात, पण गाडीने जायचं तर खाडीला वळसा घालून तास-दोन तास. म्हणून फेरीबोटी आहेत. गाडीसकट चढायचं, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीवर वेसवी ते बागमांडला, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, शास्त्रीवर तवसाळ ते जयगड. या चार जोड्या पाठ असतील तर मुरूडपासून गणपतीपुळ्यापर्यंत तुम्ही समुद्र सोडून आत जात नाही.

घोळ होतो तो असा. नकाशा फेरीबोट धरून वेळ दाखवतो, माणूस रात्री धक्क्यावर पोहोचतो आणि शेवटची फेरी गेलेली असते. मग दाभोळहून गुहागरला जायला खेड-चिपळूण करत अंधारातून फिरून जा. एकदा आमच्या मागे एक कुटुंब असंच अडकलं होतं, लहान बाळ घेऊन. माझी सवय अशी की निघायच्या दिवशी सकाळीच शेवटच्या फेरीची वेळ विचारून ठेवायची आणि तिच्या निदान दोन तास आधी धक्क्यावर असायचं. सुट्टीच्या दिवशी रांगच तासाची असते.

सागरी रस्त्यावर मी तासाला तीस किलोमीटर धरतो. वळणं, चढउतार, गावातून जाणारी अरुंद वाट, समोरून एसटी आली की मागे घेणं, आणि आंब्याच्या मोसमात पेट्या भरलेले टेम्पो. "साठ किलोमीटर म्हणजे तासाभरात" म्हणणारे दुपारचं जेवण चार वाजता जेवतात. पुण्याहून ताम्हिणी, साताऱ्याकडून कुंभार्ली, कोल्हापूरकडून आंबा घाट, कुठूनही या, घाट उजेडात उतरा.

तीन दिवसांत अलिबाग ते मालवण करणारेही भेटतात. महाराष्ट्राचा किनारा सातशे किलोमीटरहून लांब आहे. त्यातला एक तुकडा घ्या. मुरूड-दिवेआगर-हरिहरेश्वर, किंवा दापोली-गुहागर, किंवा नुसतं मालवण-तारकर्ली-देवबाग. मुक्काम एक, फार तर दोन. रोज बॅगा भरणाऱ्यांनी समुद्र खिडकीतूनच पाहिलेला असतो.

बेटावरचा किल्ला शेवटच्या दिवसावर ठेवणं

जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे तिन्ही पाण्यात उभे आहेत. वारा वाढला की होड्या थांबतात, आणि पावसाळ्यात बंदच असतात. म्हणून बेटाचा किल्ला पहिल्या सकाळी. आज नाही जमलं तर उद्या हाताशी राहतो. शेवटच्या दिवशी दुपारी दोनला राजपुरीला, म्हणजे जंजिऱ्याच्या होड्या सुटतात तिथे, पोहोचून रांग बघून परत फिरलेली कितीतरी माणसं मला माहीत आहेत.

सिंधुदुर्गावर होडीवाले साधारण तासाभराचा वेळ देतात. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलेला एवढा मोठा किल्ला तासात होत नाही, हे चढण्याआधीच बोलून घ्या. "काका, आम्हाला दोन तास हवेत, पुढच्या होडीने येऊ" असं सांगितलं तर सहसा अडत नाही. चारी बाजूंना खारं पाणी असताना आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, त्या बघितल्याशिवाय येऊ नका. लाइफ जॅकेट मागून घ्या, मुलांचं स्वतः बांधा. "इथल्या इथे तर जायचंय" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो.

आणखी काही, थोडक्यात

गणपतीपुळ्याला पोहू नका. देवळासमोरचा किनारा एकदम खोल होतो आणि पाण्याला ओढ आहे. पाट्या लावलेल्या आहेत, तरी दर वर्षी बुडाल्याच्या बातम्या येतात. कुठल्याही किनाऱ्यावर दोन बाजूंना लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर तो शांत पट्टाच आत ओढणारा असू शकतो. ओढलं गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका आणि मग परत या.

हेदवीची बामणघळ भरतीला बघायची असते, कारण तेव्हाच घळीतून पाणी उसळतं. पण लांबून. कडेचा खडक ओला आणि निसरडा असतो.

जेवण आधी सांगून ठेवा. घरगुती खानावळीत माणसं मोजून भात लागतो. सकाळी दहापर्यंत फोन केलात तर ताजा मासा आणि सोलकढी मिळते, दीडला दारात उभं राहिलात तर उरलेलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका.

वेळास गावात कासवाची पिल्लं साधारण फेब्रुवारी अखेर ते एप्रिलमध्ये समुद्रात सोडतात. पिल्लं कधी बाहेर येतील ते वाळूच्या उबेवर ठरतं, तुमच्या रजेवर नाही. दोन रात्री राहा.

अंगारकीला गणपतीपुळ्याचा आणि ३१ डिसेंबरला कुठल्याच किनाऱ्याचा बेत करू नका.

रोख पैसे ठेवा. धक्क्यावर रेंज जाते.

आणि परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, वाळूत घातली नसली तरीसुद्धा. फेरीबोटीवर खारे शिंतोडे उडतात, मीठ चाकांच्या कमानीत आणि सायलेन्सरच्या जोडांवर बसतं आणि तिथूनच गंज धरतो. मी घरी पोहोचल्या रात्री कितीही उशीर झाला तरी पाइप लावून दहा मिनिटं खालून पाणी मारतो, आणि दुसऱ्या दिवशी उजेडात परत एकदा.