नगरपरिषदेची वाहने आणि इमारती : देखभालीची घडी कशी बसवावी

घंटागाडीचा ब्रेक नीट लागत नाही हे सर्वांत आधी चालकाला कळते आणि शाळेच्या कोणत्या वर्गात पाणी झिरपते हे शिपायाला कळते. अभियंत्यापर्यंत ती गोष्ट पोहोचते तेव्हा गाडी भर रस्त्यात बंद पडलेली असते किंवा छताचा गिलावा खाली आलेला असतो. म्हणून या विभागाचा कार्यभार घेणाऱ्याने पहिले काम करावे ते म्हणजे चालकाची आणि शिपायाची तक्रार त्याच दिवशी लेखी नोंदली जाईल अशी व्यवस्था लावणे.

त्यासाठी दोन प्रतींचे छापील तक्रार पुस्तक पुरते. सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी चालकाने इंजिन ऑइल, कूलंट, टायरमधील हवा, ब्रेक, दिवे आणि गाडीखाली सांडलेले तेल पाहावे, दोष आढळल्यास लिहावा, पर्यवेक्षकाची सही घ्यावी आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. ही दुसरी प्रत फार महत्त्वाची आहे. मी काम केलेल्या एका नगरपरिषदेत कॉम्पॅक्टरच्या (कचरा दाबून भरणाऱ्या गाडीच्या) हायड्रॉलिक पाइपला, वळणाच्या जागी, घामासारखे तेल सुटत असल्याचे चालकाने तीन वेळा तोंडी सांगितले होते. तो पाइप ऐन बाजारपेठेत फुटला आणि निष्काळजीपणाबद्दल खुलासा मात्र त्या चालकाकडूनच मागवण्यात आला. तेव्हापासून तेथील चालकांनी दोष सांगणेच सोडले. सांगणाऱ्यावर ठपका येणार नाही याची खात्री असेल तरच त्या पुस्तकात खरे लिहिले जाते.

प्रत्येक वाहनाची स्वतंत्र इतिहास नोंदवही ठेवावी आणि तीत विमा, पीयूसी व योग्यता प्रमाणपत्र यांच्या मुदती पहिल्याच पानावर लिहाव्यात. मालवाहू वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र पहिली 8 वर्षे दर 2 वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही आणि हा नियम स्थानिक स्वराज्य संस्थांच्या वाहनांनाही लागू आहे. प्रशासकीय मंजुरी, निविदा आणि प्रत्यक्ष पुरवठा यांत जाणारा काळ लक्षात घेता, तेरावे वर्ष लागताच बदली वाहनाचा प्रस्ताव तयार असावा.

इंधनाचा हिशेब सर्व वाहनांना एकाच मापाने लावणे ही नेहमीची चूक आहे. कॉम्पॅक्टर एका जागी उभा राहून कचरा दाबतो, पाण्याच्या जोराने गटारे साफ करणारे जेटिंग मशीन तासभर एकाच मॅनहोलपाशी पंप चालवते आणि जेसीबी दिवसभरात जेमतेम काही किलोमीटर फिरतो. अशा यंत्रांचे प्रतिलिटर किलोमीटर काढले तर प्रामाणिक चालकावरही चोरीचा संशय येतो. त्यांच्यासाठी तासमापक बसवून प्रतितास लिटर हे प्रमाण धरावे आणि त्याच यंत्राच्या मागील महिन्यांच्या आकड्यांशी ताडून पाहावे.

बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे नवे मानक) डिझेल गाड्यांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. गल्लीबोळांतून सतत थांबत चालणाऱ्या गाडीचा धूर पुरेसा तापत नाही, त्यामुळे सायलेन्सरच्या वाटेवरील फिल्टरमध्ये काजळी साचते आणि अखेरीस इंजिनाची ताकद कमी होते. दर्शक दिवा लागताच निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे फिल्टर साफ करण्याची प्रक्रिया पूर्ण करावी आणि अशा गाड्यांना आलटूनपालटून कचरा डेपोची लांब फेरी द्यावी.

अग्निशमन बंबाची गोष्ट नेमकी उलट आहे, कारण तो उभा राहूनच खराब होतो. बॅटरी उतरते, पंपाच्या सीलमधून हवा शिरते आणि नक्षी शाबूत दिसत असली तरी टायरचे रबर तडकते. टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे पाहावेत: 2319 म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झालेला टायर. पंप आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष पाणी उपसून चालवावा. इंजिन नुसते सुरू करून बंद करणे पुरेसे नाही.

इमारतींच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान चुकीच्या महिन्यात पाहणी केल्याने होते. मे महिन्यात गच्ची कोरडी असते आणि गळतीचे डाग रंगाखाली झाकलेले असतात. म्हणून पाहणी भर पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये करावी, शिपायाला सोबत घ्यावे आणि ओलीच्या कडा खडूने आखून त्यावर तारीख घालावी. त्या आधारे ऑक्टोबरपर्यंत अंदाजपत्रके तयार झाली, तर कामांची तरतूद पुढील आर्थिक वर्षात होते आणि गच्चीचे काम उन्हाळ्यात पूर्ण करता येते. सज्जाच्या खालच्या बाजूला सळईच्या रेषेत तपकिरी डाग किंवा लांब भेग दिसली, तर आतली सळई गंजून फुगली आहे असे समजावे. तेथे नुसता गिलावा करून रंग देणे म्हणजे दोष लपवणे होय, आणि शाळेच्या इमारतीत तसे कदापि करू नये.

जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, करून घ्यावे. अहवालात सी-1 वर्ग आल्यास इमारत रिकामी करून पाडावी लागते, सी-2अ मध्ये रिकामी करून दुरुस्ती करता येते, सी-2ब मध्ये रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती होते आणि सी-3 मध्ये किरकोळ दुरुस्ती पुरते. अग्निशमन यंत्रणा बसवलेल्या इमारतींसाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यावे लागते. त्या तारखाही वाहनांच्या मुदतींच्याच तक्त्यावर लिहाव्यात.

मेच्या अखेरच्या आठवड्यात गच्चीवरील पाला, तुटक्या बाकांचे तुकडे आणि पाण्याच्या तोंडाशी अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून घ्याव्यात. मग एकाने वर प्रत्येक तोंडात दोन बादल्या पाणी ओतावे आणि दुसऱ्याने खाली पावसाळी पाइपापाशी उभे राहावे. पाणी खाली खळखळून बाहेर आले, तरच त्या इमारतीपुढे नोंदवहीत खूण करावी.