अडगळीतल्या डब्याची चूल आणि जुन्या चादरीचे छत

छावणीचे जुन्या धर्तीचे सामान घरच्या अडगळीतून करायचे असेल, तर हत्यारांपेक्षा वस्तूंची निवड जपून करावी. चुलीसाठी सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाचा, लोहचुंबक चिकटेल असा पत्र्याचा डबा घ्यावा. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि निखाऱ्यांची धग त्याहून वर जाऊ शकते, म्हणून त्याचा डबा बाद. जस्ताचा मुलामा दिलेली बादली कितीही दणकट दिसली तरी तिच्यात जाळ करू नये, कारण तापलेल्या जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

ही चूल पालथी असते. डब्याचे उघडे तोंड जमिनीवर टेकते आणि बुडावर भांडे बसते. तोंडाच्या कडेपासून वर ७ सेंटिमीटर लांबीचे दोन उभे काप, तेवढ्याच अंतरावर, पत्रा कापायच्या कात्रीने घ्यावेत आणि मधली पट्टी बाहेर उचलावी. हे झाले काटक्या सारायचे दार. पट्टी कमी-अधिक वाकवून जाळ आवरता येतो. दाराच्या समोरच्या बाजूस, बुडालगत, बोट जाईल एवढी चार-पाच भोके हवीतच, नाहीतर धूर आत कोंडतो, ताजी हवा ओढली जात नाही आणि चूल धुमसत राहते. भोके पाडताना आत लाकडाचा ठोकळा धरला, की पत्रा चेपत नाही. सगळ्या कडा कानशीने घासाव्यात. कापलेला पत्रा बोटांना दयामाया दाखवत नाही. डब्याच्या आतील लेप आणि बाहेरचा रंग जाळण्यासाठी पहिला जाळ उघड्यावर, भांडे न ठेवता करावा आणि धूर वाहत जातो त्या बाजूला उभे राहू नये. तंबूत ही चूल कधीच पेटवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

छतासाठी घट्ट विणीची सुती चादर चांगली. रंगकामाचे उकळलेले जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात मिसळून त्याचे पातळ हात ब्रशने द्यावेत. प्रत्येक हात पुरता वाळू द्यावा. खाण्याचे कच्चे तेल वाळायला फार दिवस घेते. हे कापड आगीजवळ ताणू नये. दोरी बांधायला कोपऱ्यांत भोके पाडण्याऐवजी गोटा गुंडाळून त्याच्या मानेभोवती फास आवळावा, म्हणजे कापड फाटत नाही. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा मात्र कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. त्या चिंध्या पाण्यात बुडवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.