मित्रांसोबत आल्प्स, मोटारसायकल आणि तंबू: आधी तळ ठरवा, घाट मग

आल्प्सच्या सहलीचा आराखडा करायला बसलेला गट सहसा नकाशावर घाटांच्या नावांवर खुणा करतो, त्या खुणा रेघेनं जोडतो आणि संध्याकाळ होईल तिथे तंबू ठोकायचं ठरवतो. असा बेत तिसऱ्या दिवशीच ढासळतो. रोज सकाळी दवानं भिजलेला तंबू गुंडाळणं, सामान बांधणं, कुणाची तरी चार्जिंगची वायर शोधणं यात दीड-दोन तास जातात. निघायला साडेदहा वाजतात, घाटात गर्दीच्या वेळी पोचणं होतं, आणि तेही तीस-चाळीस किलो सामान लादलेल्या बाईकवर. त्यामुळे आधी मुक्कामाचे तळ ठरवावेत. एका तळावर दोन-तीन रात्री राहायचं, तंबू उभाच ठेवायचा आणि रिकाम्या बाईकवर आसपासचे घाट फिरून परत यायचं. पाऊस लागला तर एक दिवस मागेपुढे करता येतो आणि थकलेला मित्र एखादा दिवस तळावर थांबू शकतो.

म्युनिकमधून बाईक भाड्याने घेऊन दहा दिवसांचा बेत असा बसतो. पहिल्या दिवशी बोडन सरोवराच्या बाजूने स्वित्झर्लंडमध्ये आंडरमाटपर्यंत जायचं. हे साधारण साडेतीनशे किलोमीटर असले तरी बरेचसे महामार्गावरचे आहेत. तिथे तीन रात्री. एक दिवस सुस्टेन, ग्रिमझेल आणि फुर्का या तीन घाटांची फेरी, सुमारे १२० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी गोटहार्ड, नुफेनेन आणि पुन्हा फुर्का. चौथ्या दिवशी ओबरआल्प, आल्बुला आणि ओफेन ओलांडून इटलीत श्टेल्विओच्या पायथ्याशी प्राडला. हे अंतर सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर भरतं आणि पूर्ण दिवस खातं. प्राडला तीन रात्री. सातव्या दिवशी मेरानो आणि बोल्झानोमार्गे डोलोमाइट्समध्ये कानाझेई, तिथे दोन रात्री आणि मधल्या दिवशी सेल्ला, गार्डेना, कांपोलोंगो, पोर्दोई या चार घाटांचं कडं. नवव्या दिवशी कोर्तिना आणि लिएन्झवरून ऑस्ट्रियातल्या हायलिगेनब्लूटला, आणि शेवटच्या दिवशी ग्रोसग्लोकनरचा घाट ओलांडून म्युनिक.

घाटातल्या दिवसाचा हिशोब तासांत करायचा. थांबे धरून सरासरी ताशी ४० किलोमीटरच्या वर जात नाही. रिकाम्या बाईकवर दिवसाला २०० किलोमीटर भरपूर झाले, आणि पाचसहा तासांपेक्षा जास्त बसू नये. संध्याकाळी चारनंतरच्या चुका हात आणि मान थकल्यामुळे होतात.

महिना निवडताना दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. उंच घाट बर्फामुळे बंद असतात आणि साधारण मेअखेर ते जूनमध्ये उघडतात, वर्षावर्षाला तारीख बदलते. ऑगस्टमध्ये सगळं उघडं असतं, पण इटली आणि फ्रान्सची सुट्टी तेव्हाच असते. १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या इटालियन सणाच्या आठवड्यात तंबूची जागा मिळत नाही आणि श्टेल्विओवर गाड्यांची रांग लागते. जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा मध्य, किंवा सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे, हे सगळ्यांत सोयीचं. सप्टेंबरात हवा जास्त स्थिर असते, दिवस मात्र लहान. निघण्याआधी आणि रोज सकाळी घाट उघडे आहेत का ते पाहायचंच. श्टेल्विओसारखे घाट वर्षातून एखाद्या दिवशी फक्त सायकलस्वारांसाठी राखलेले असतात.

कागदपत्रांत सर्वांत जास्त चूक व्हिसाची होते. शेंगेन व्हिसा, म्हणजे या सगळ्या देशांत चालणारा एकच व्हिसा, त्या देशाकडे मागायचा जिथे सर्वांत जास्त रात्री काढणार. विमान म्युनिकला उतरतं म्हणून बरेच जण जर्मनीकडे अर्ज करतात. वरच्या बेतात मात्र स्वित्झर्लंडमध्ये तीन, इटलीत पाच, ऑस्ट्रियात एक आणि म्युनिकला पुढेमागे मिळून दोन रात्री होतात, म्हणजे अर्ज इटलीकडे. दोन देशांत रात्री सारख्याच असतील तर पहिला प्रवेश जिथे, तो देश. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रवास विम्यात वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं. त्यातली बारीक अक्षरं वाचा, कारण बऱ्याच पॉलिसी ठराविक सीसीच्या वरची मोटारसायकल चालवताना झालेला अपघात वगळतात. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आणि त्यावर मोटारसायकलच्या वर्गाचा शिक्का आहे ना, ते घरीच तपासा.

भाड्याच्या दुकानाला आधीच लिहून विचारायचं: स्वित्झर्लंड आणि इटलीत बाईक नेता येते का, ग्रीन कार्ड (परदेशात गाडीचा विमा दाखवणारा कागद) मिळेल का, पडल्यास किती रकमेपर्यंतचा भुर्दंड तुमचा, आणि पॅनियर (बाईकच्या दोन्ही बाजूंच्या सामानाच्या पेट्या) धरून भाडं किती. अनामत क्रेडिट कार्डावर अडकते, ती कार्डाच्या मर्यादेत बसते का पाहा.

टोलचं गणित देशागणिक निराळं आहे. स्वित्झर्लंडच्या महामार्गावर मोटारसायकललाही विन्येट, म्हणजे ठराविक मुदतीचा टोल-परवाना, लागतं. ते वर्षाचंच मिळतं, ४० फ्रँकला. ऑस्ट्रियात थोड्या दिवसांचंही मिळतं. इटलीत महामार्गावर अंतरानुसार पैसे. ग्रोसग्लोकनरच्या रस्त्याला वेगळा टोल आहे आणि तो रस्ता रात्री बंद असतो. ऑस्ट्रियात प्रथमोपचार पेटी जवळ बाळगणं मोटारसायकललाही सक्तीचं आहे. बेत पश्चिमेकडे वळवून फ्रान्समधला इझेराँ (२७६४ मीटर) किंवा गालिबिए (२६४२ मीटर) घ्यायचा असेल, तर सीई या युरोपीय सुरक्षा खुणेचे हातमोजे घालावेच लागतात आणि चमकणारं जाकीट जवळ ठेवावं लागतं. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताच्या रॉयटे भागात काही रस्त्यांवर उन्हाळ्यात उभ्या गाडीचा आवाज ९५ डेसिबलहून जास्त नोंदलेल्या बाईक चालत नाहीत. हा आकडा गाडीच्या नोंदणीपत्रात असतो. स्वित्झर्लंडमध्ये वेगाची मर्यादा गावात ५०, गावाबाहेर ८०, महामार्गावर १२०. दंड जबर आहेत, आणि कॅमेऱ्याची सूचना देणारं ॲप तिथे बेकायदा आहे.

सामानाकडे वळू. बाईकच्या पुस्तिकेत कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून बाईकचं वजन वजा केलं की उरतं ते चालवणारा, मागे बसणारा आणि सामान यांचं मिळून. मोठ्या टूरिंग बाईकवरही हे बऱ्याचदा दोनशे किलोच्या आसपासच असतं. दोघं जण बसले, जॅकेट-बूट चढवले, की सामानाला थोडंच उरतं. जड वस्तू म्हणजे हत्यारं, गॅस आणि डबे पॅनियरच्या तळाशी आणि पुढच्या बाजूला. तंबूची वळकटी सीटवर आडवी, पाठीला टेकेल अशी. वरच्या डब्यात जड काही नको. तो मागच्या चाकाच्याही मागे असतो, त्यामुळे पुढचं चाक हलकं होतं आणि हळू वळताना हँडल डगमगतं. बांधायला बकलचे पट्टे घ्या. लवचीक जाळी वाऱ्यात सरकते आणि तिचं टोक चेनमध्ये गेलं तर मागचं चाक जाम होतं. पहिल्या वीस किलोमीटरनंतर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळायचे, कारण वळकटी दबते आणि पट्टे ढिले पडतात.

सामान चढवल्यावर मागच्या सस्पेन्शनचं प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा ताण) वाढवा, नाहीतर बाईक मागे बसते, वळणात रुंद जाते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हवेचा दाब टायर थंड असताना, पुस्तिकेतल्या ‘पूर्ण भार’ या रकान्याप्रमाणे. चेन असेल तर दर ५०० किलोमीटरला आणि प्रत्येक पावसानंतर तेल. स्वतःची बाईक नेत असाल तर ब्रेक फ्लुइडचं वय नक्की बघा. ते हवेतली ओल शोषतं, दोन वर्षांपेक्षा जुनं झालं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर नेमका त्याचाच त्रास होतो.

झोपण्याच्या सामानात कंजूषी नको. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. आंडरमाट आणि कानाझेई दोन्ही १४०० मीटरच्या वर आहेत, तिथे जुलैतही पहाटे पारा पाच अंशांपर्यंत येऊ शकतो. स्लीपिंग बॅग शून्य ते पाच अंश ‘कम्फर्ट’ लिहिलेली घ्या. तिच्यावर छापलेला ‘एक्स्ट्रीम’चा आकडा झोपण्यासाठी नसतो. गादीची आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) तीनच्या वर हवी, कारण थंडी जमिनीतून जास्त चढते.

गॅसचा डबा विमानात चालत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि खालच्या सामानातही नाही. तो म्युनिकला घ्यायचा. तिथे आटे असलेले डबे सहज मिळतात. दक्षिणेकडे आणि फ्रान्समध्ये काही दुकानांत क्लिकने बसणारेच असतात, ते आट्याच्या शेगडीला लागत नाहीत. वारा अडवला तर एक लिटर पाणी उकळायला दहा-पंधरा ग्रॅम गॅस जातो. म्हणजे २३० ग्रॅमच्या डब्यात पंधरा-वीस लिटर, दोघांना चार दिवस चहा आणि एक वेळचं जेवण. १४०० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही. लवकर होणारा पास्ता किंवा कुसकुस बरा. आणि शनिवारी संध्याकाळीच रविवारचा किराणा भरा, कारण स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

उघड्यावर कुठेही तंबू ठोकायचा विचार सोडा. टिरोलमध्ये आणि इटलीत बहुतेक ठिकाणी ते बेकायदा आहे, स्वित्झर्लंडमध्ये कँटनागणिक, म्हणजे प्रांतागणिक, नियम बदलतात. अधिकृत कॅम्पसाइट स्वच्छ असतात. मोठ्या गटाने जागा आधीच राखावी. ऑफिस दुपारी तासदोन तास बंद राहतं आणि संध्याकाळीही लवकर मिटतं, रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते आणि इंजिन सुरू करता येत नाही. माणशी पर्यटन कर वेगळा लावतात. गरम पाण्याला काही ठिकाणी नाणी लागतात, ती सुट्टी ठेवा.

तळावरचा सर्वांत हमखास अपघात रात्री, सगळे झोपल्यावर होतो. गवत कोरडं असताना साइड स्टँड घट्ट वाटतो. मध्यरात्री दोन तास पाऊस पडला की माती लोण्यासारखी होते, स्टँडचं टोक बोटभर बोटभर खाली जातं आणि अडीचशे किलोची बाईक हळूच डाव्या अंगावर कलंडते. तिथे तंबू असेल तर तो तिच्याखाली. म्हणून स्टँडखाली तळहाताएवढी प्लेट किंवा चपटा दगड, बाईक पहिल्या गिअरमध्ये, आणि तिच्या डाव्या बाजूला तंबू कधीच नाही. उतार असेल तर तोंड चढाकडे.

आता रस्ता. इथे गाड्या उजवीकडून जातात. दिवसभर इतरांच्या मागे ते जमून जातं. खरा धोका सकाळी कॅम्पसाइटच्या फाटकातून रिकाम्या रस्त्यावर येताना, आणि पंपातून बाहेर पडताना. हात आपोआप डावी बाजू पकडतो. टाकीवर उजवीकडे जाणाऱ्या बाणाची चिकटपट्टी लावा. चौकातल्या गोलात डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

उजवीकडून चालल्यामुळे उजवं हेअरपिन (जवळजवळ उलट दिशेला फिरवणारं तीव्र वळण) सर्वांत अरुंद होतं. श्टेल्विओला प्राडच्या बाजूने क्रमांक घातलेली ४८ वळणं आहेत, रस्ता तिथे ९१५ मीटरवरून २७५७ मीटरवर जातो. वळणाआधीच पहिला गिअर, आपल्या लेनच्या डाव्या कडेला या, मान वळवून वरच्या रस्त्याकडे बघा, समोरून बस येत नाही ना याची खात्री करा आणि मग आत या. थ्रॉटल सतत थोडा उघडा, वेग आवरायला मागचा ब्रेक. वळणाच्या मध्यात पुढचा ब्रेक दाबला किंवा दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गचके देत बंद पडलं, तर बाईक आतल्या बाजूला पडते, आणि चढावर तिथे पाय जमिनीला पोचत नाही. पायथ्याशी २४ अंश असेल तर माथ्यावर बाराच्या आसपास, म्हणून जॅकेटचं अस्तर हाताशी ठेवा. हा घाट सकाळी नवाच्या आत चढावा.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत घासत ठेवला की फ्लुइड उकळतं, लिव्हर मऊ पडते आणि हँडलपर्यंत येते. असं होऊ लागलं की थांबून अर्धा तास थंड होऊ द्यायचं, तापलेल्या डिस्कवर पाणी मारायचं नाही. निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं की तो स्विस पोस्टबसचा डोंगरी रस्ता. तीन सुरांचा भोंगा ऐकू आला तर पुढच्या आंधळ्या वळणाआधीच थांबा, तिथे बसचालक सांगेल तेच मानायचं. दुरुस्तीच्या डांबराच्या काळ्या रेघा उन्हात मऊ होतात आणि पावसात निसरड्या. गोटहार्डच्या दक्षिणेचा जुना त्रेमोला रस्ता दगडी फरसबंदीचा आहे, तो कोरडा असतानाच घ्यावा.

गट चार ते सहा बाईकचा चांगला. त्याहून जास्त असतील तर दोन तुकड्या करा, जेवणाला भेटा. सर्वांत नवखा चालवणारा म्होरक्याच्या लगेच मागे, कारण शेवटी ठेवला की तो इतरांना गाठायला आपल्या कुवतीबाहेर पळवतो. हत्यारं आणि पंक्चरचं किट शेवटच्याकडे. प्रत्येक फाट्यावर आपल्या मागचा आरशात दिसेपर्यंत थांबायचं, एवढा एक नियम पाळला तर कुणी हरवत नाही. ओव्हरटेक ज्याचा त्याने स्वतः बघून करायचा. पेट्रोल सर्वांत लहान टाकीच्या हिशोबाने, सगळ्यांनी एकदम भरायचं. खर्चाला एक सामाईक पाकीट, त्यात युरो आणि फ्रँक वेगवेगळे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे सिमचा रोमिंग पॅकही तिथे चालतो का ते विचारून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर वादळं उठतात. घाट सकाळी सात ते एकमध्ये उरकावेत. माथ्यावर गडगडाट ऐकू आला तर फोटो सोडून खाली उतरायचं. अपघातात ११२ सर्व देशांत चालतो, स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टर बचावासाठी १४१४.

शेवटच्या दिवशी ग्रोसग्लोकनर लवकर गाठा, त्याच्या होखटोर या माथ्यावर, २५०४ मीटरवर, सकाळी रस्ता मोकळा मिळतो. म्युनिकला बाईक परत देण्याआधी टाकी भरा, पॅनियरच्या कोपऱ्यांचे आणि दोन्ही रिमचे उजेडात फोटो काढा, आणि परतीची नोंद दुकानदाराच्या सहीनिशी घ्या, कारण अनामत सुटायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात आणि तोवर तुम्ही घरी पोचलेले असता.