जीन्सच्या फाटक्या गुडघ्याला सोलापुरी चादरीचं ठिगळ

चादर जुनी झाली की मधोमध विरते, पण काठाकडचं कापड धड राहतं. सोलापुरातल्या घराघरांत अशी एखादी चादर माळ्यावर पडलेली असतेच. जाड, सुती आणि नक्षीदार असल्याने जीन्सच्या गुडघ्याला तिच्याइतकं चांगलं ठिगळ नाही. पातळ शर्टाला मात्र ती लावू नका. जड ठिगळ आजूबाजूचं कापड ओढतं आणि त्याच्याच कडेला नवं भोक पडतं. शर्टाला जुन्या शर्टाचाच तुकडा बरा.

ओलं पांढरं फडकं चादरीवर घासून बघा. रंग लागला तर तो तुकडा फिक्या जीन्सला नको.

आता जीन्स उजेडासमोर धरा. भोकाभोवती जिथून उजेड झिरपतो, तिथवर कापड विरलेलं आहे. त्याच्या बाहेरून खडूने रेघ मारा आणि ठिगळ त्या रेघेपेक्षा चहूबाजूंनी २ सेंमी मोठं कापा. नवखे हमखास चुकतात ते इथेच. ठिगळ भोकाएवढंच कापलं की टाके विरलेल्या धाग्यांत बसतात आणि पहिल्यांदा मांडी घालून बसलं की उसवतात.

चादरीला कात्री लागली की लगेच दशा सुटतात. म्हणून कोपरे गोल कापा आणि कडेने साधारण ५ मिमी अंतरावर काजेटाका (बटणाच्या काजाच्या कडेला घालतात तो) घाला. कड दुमडू नका. दुमडलेल्या चादरीतून सुई जाता जात नाही, शिवाय ती जाड कड गुडघ्याला घासत राहते.

जीन्स उलटी करून ठिगळ आतून ठेवा, नक्षी भोकातून बाहेर डोकावेल असं. चादरीचे उभे धागे जीन्सच्या लांबीच्या दिशेने हवेत, नाहीतर धुतल्यावर ठिगळ पीळ खातं. कच्चे टाके घाला (टाचण्या हाताला टोचतात आणि निसटतातही), मग जीन्स सुलटी करा आणि जीन्सच्या पायात जाड पुठ्ठा सरकवा. पुठ्ठा नसला तर पुढची-मागची बाजू एकत्र शिवली गेलीच म्हणून समजा.

भरतकामाच्या सहापदरी दोऱ्याचे ३ पदर घ्या, हातभर लांब. जास्त लांब दोरा गुंततो. सुई मोठ्या नेढ्याची आणि बोटात अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी) हवंच. टाके वाकडेतिकडे येणार असतील, आणि सुरुवातीला येतातच, तर दोरा जीन्सच्याच रंगाचा घ्या.

टाका गोधडीचाच, धावदोरा, म्हणजे सुई कापडातून वर-खाली नेत घातलेली सरळ ओळ. खडूच्या रेघेबाहेरच्या चांगल्या कापडातून सुरुवात करून भोकाच्या पलीकडे चांगल्या कापडापर्यंत जा. टाका ४-५ मिमी, दोन ओळींत ७-८ मिमी अंतर. ओळ संपली की दोरा ताणू नका, वळणावर किंचित सैल सोडा. ताणलात तर चुण्या पडतात, आणि त्या इस्त्रीनेही जात नाहीत. दोरा संपवताना आतल्या बाजूने एकावर एक २ बारीक टाके घ्या. मोठी गाठ गुडघ्याला टोचते.

भोकाच्या कडेचे लोंबणारे धागे कापून तिथे दाट काजेटाका घाला. कच्चे टाके काढा, जीन्स घालून मांडी घाला. एखादी ओळ ओढत असेल तर तेवढीच उसवून पुन्हा घाला. पहिले काही दिवस जीन्स उलटी करून साध्या पाण्यात धुवा. ठिगळावर ब्रश नको आणि धुणं आपटायचंही नाही.