सेकंडहँड बॉक्स्टर घेतलीत? मग या चुका टाळा

स्पोर्ट्‌स कार चालवून झिजते त्याच्या कितीतरी पट उभी राहून खराब होते. गेली सहा वर्षं मी हे भेटेल त्याला सांगतोय आणि तरीही दर दिवाळीनंतर आणि दर जुलैमध्ये मला तेच फोन येतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

माझ्याकडे २०१४ सालची पोर्शे बॉक्स्टर आहे, ९८१ पिढीतली. दोन सीट, कापडी छत, आणि सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे बसवलेलं २.७ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. २०१६ मध्ये तिच्या जागी ७१८ आली आणि साध्या मॉडेलला चार सिलिंडरचं टर्बो इंजिन मिळालं. सहा सिलिंडरचा तो आवाज ज्यांना हवा असतो ते लोक आजही ९८१ शोधत फिरतात. त्यात बरेचजण आयुष्यातली पहिली स्पोर्ट्‌स कार घेणारे असतात आणि 'कमी रनिंग' हे दोन शब्द ऐकले की त्यांचे डोळे चमकतात. खरी चूक तिथूनच सुरू होते.

"गाडी जपून ठेवलीय, बाहेर काढतच नाही"

कोल्हापूरच्या एका मित्राने अशीच जपलेली गाडी घेतली. घेतल्यावर त्यानेही ती तशीच जपली. कव्हर घालून बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी. दिवाळीत दीड महिना मुलीकडे परदेशात गेला. आल्यावर किल्लीचं बटण दाबलं तर गाडी ढिम्म. बॅटरी पूर्ण उतरलेली.

आता या गाडीची गंमत समजून घ्या. बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि ती डिकी उघडते विजेवर. म्हणजे बॅटरी उतरली की बॅटरीपर्यंत पोचायची वाटच बंद. मित्राने कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून एक मुलगा बोलावला. त्या मुलाने नेहमीच्या गाडीचा हिशोब लावला आणि पुढच्या झाकणाच्या फटीत मोठा स्क्रू-ड्रायव्हर घातला. झाकण अ‍ॅल्युमिनियमचं. कडा वाकली, रंग टवका उडून निघाला, आणि डिकी काही उघडली नाही. तेव्हा मला फोन आला. मी म्हटलं, "आता कुणी हात लावू नका, मी येतो." पुण्याहून निघालो, दुपारी पोचलो. झाकणाच्या कडेवर बोटभर लांबीची ती चीर पाहिली आणि मला खरंच वाईट वाटलं. मालकाच्या हँडबुकमध्ये यावरचा उपाय लिहिलेला आहे आणि ते हँडबुक डॅशबोर्डच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं पडलं होतं.

उपाय असा. किल्लीच्या आत धातूचं पातं असतं, त्याने ड्रायव्हरचं दार उघडायचं. दार सावकाश ओढा. या दाराला काचेभोवती चौकट नाही. एरवी दार उघडताना काच बोटभर खाली सरकते, पण वीज नसताना ती सरकत नाही आणि रबरात अडकलेली असते. हिसका दिलात तर काच जाईल. आत पायाशी, दारालगत फ्यूजबॉक्स आहे. त्यात एक लाल टोक बाहेर ओढता येतं. दुसऱ्या चांगल्या बॅटरीची पॉझिटिव्ह वायर त्या टोकाला आणि निगेटिव्ह वायर दाराचं कुलूप जिथे अडकतं त्या उघड्या लोखंडी कडीला लावायची. मग किल्लीवरचं डिकीचं बटण दाबायचं. 'खट्' असा आवाज येतो आणि झाकण सुटतं. अलार्म वाजला तर घाबरू नका, किल्लीने बंद होतो. या लाल टोकावरून इंजिन मात्र सुरू करायचं नाही, ते फक्त डिकी उघडण्यापुरतं आहे. डिकी उघडली की जंपर केबल योग्य जागी लावा. आणि हे सगळं होईपर्यंत काच वर असताना दार आपटून बंद करू नका.

कोल्हापुरात या कामाला पाच मिनिटं लागली. झाकणाच्या डेंटिंग-पेंटिंगला मात्र तीन आठवडे.

माझी सवय सांगतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त गाडी हलणार नसेल तर मी बॅटरी मेंटेनर लावतो. साधा चार्जर नव्हे. बॅटरी भरली की स्वतःहून प्रवाह कमी करणारा मेंटेनर. आमच्या सोसायटीत पार्किंगला प्लग नव्हता. शेजाऱ्यांनी इलेक्ट्रिक गाडीसाठी पॉइंट मागितला तेव्हा मीही कमिटीकडे अर्ज दिला आणि स्वतंत्र मीटर घेतला. त्यासाठी चार मिटिंगांना बसलो.

"मी रोज दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो" असं सांगणारे बरेच भेटतात. कृपा करून हे करू नका. उभ्या गाडीत दहा मिनिटांत बॅटरी नीट भरत नाही, तेल पुरेसं तापत नाही, आणि थंड इंजिनातला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल तेलात उतरत राहतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पाऊण तास चालवा. पाण्याचा काटा लवकर वर येतो, तेल मात्र सावकाश तापतं. तेल नव्वद अंशांच्या आसपास जाईपर्यंत मी चार हजार आरपीएमच्या वर जात नाही. सोबत कुणीही बसलेलं असो आणि कितीही आग्रह करो.

पाऊस, पानं आणि छताच्या नळ्या

ही चूक मी स्वतः केलेली आहे. गाडी घेतल्यानंतरचा पहिला पावसाळा. ऑफिसबाहेर पर्जन्यवृक्षाच्या सावलीत मी रोज गाडी लावायचो. सावली दाट, जागा हक्काची. ऑगस्टमध्ये काचा आतून धुरकट व्हायला लागल्या. मग एक कुबट वास, ओले मोजे बंद डब्यात ठेवल्यासारखा. एक दिवस सीटमागे हात घातला तर गालिचा पिळून पाणी निघेल इतका ओला.

ज्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली तिथे छताचं सगळं रबर बदलायला सांगितलं आणि दीड लाखाच्या पुढचं एस्टिमेट हातात ठेवलं. मी अस्वस्थ होऊन एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी छत अर्धं उघडून थांबवलं, टॉर्च घेऊन बिजागरीच्या खाचेत डोकावले आणि दोन बोटांनी काळा चिखल बाहेर काढला. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं कुजून झालेला लगदा होता तो. कापडी छतावरून वाहणारं पाणी या खाचेत उतरतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधून मागच्या चाकाच्या पुढे, गाडीखाली पडतं. नळी तुंबली की पाणी आत येतं. रबर उत्तम होतं.

तेव्हापासून मे महिन्यात, वळवाच्या आधी, मी स्वतः नळ्या साफ करतो. गवत कापायच्या मशीनमधली नायलॉनची दोरी घ्यायची, टोक मेणबत्तीवर जरा गोल करायचं आणि नळीत हळूहळू आत-बाहेर करायचं. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. नळी आतल्या आत निसटते आणि मग खरोखरच मोठं काम निघतं. शेवटी पेलाभर पाणी ओतून खाली वाकून पाहायचं. जमिनीवर धार पडली की झालं. पावसाळ्यात हीच पेल्याची परीक्षा दर पंधरा दिवसांनी. पाच मिनिटांचं काम आहे, तरी लोक करत नाहीत आणि मग सेन्सर, मॉड्यूल, वायरिंग असं सगळं बदलत बसतात.

हीच पानं पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांतून आत जातात. इंजिन मागे असलं तरी रेडिएटर पुढे आहेत, आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. दोन्हींच्या मध्ये ओला पाला साचून राहिला की अ‍ॅल्युमिनियम कुजतं. बाहेरून पाण्याचा फवारा मारून तो निघत नाही, उलट आत दाबला जातो. बंपर काढायचा, मऊ ब्रशने साफ करायचं. मी दर उन्हाळ्यात करून घेतो. बंपर उतरवायला 'वेळ लागेल हो' म्हणून टाळाटाळ करणाऱ्या गॅरेजमध्ये मी पुन्हा जात नाही.

टायरची नक्षी पाहू नका, तारीख पाहा

ताम्हिणीच्या रस्त्यावर, पौडच्या पुढे, जूनचा दुसराच पाऊस. मी एका ओळखीच्या मुलाच्या शेजारी बसलो होतो. गाडी त्याने महिनाभरापूर्वी घेतलेली, आठ वर्षांची, रनिंग अकरा हजार. वेग पन्नासही नव्हता. उजव्या वळणावर त्याने जरा पाय दिला आणि मागची बाजू अशी निघाली की स्टिअरिंग उलट फिरवायलाही वेळ मिळाला नाही. कडेच्या चिखलात जाऊन थांबलो. कुणाला लागलं नाही, एक रिम गेलं. उतरून टायर पाहिले तर नक्षी अगदी नव्यासारखी. बाजूच्या भिंतीवर चार आकडे होते: १०१४. म्हणजे २०१४ सालचा दहावा आठवडा. कारखान्यातून आलेलेच टायर. नख रुतेना, इतकं रबर कडक झालेलं.

तो मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण यात स्टेबिलिटी कंट्रोल आहे ना?" आहे. पण ती यंत्रणा रस्त्यावरची पकड वाटून देते, नसलेली पकड निर्माण करत नाही.

सहा वर्षांनंतर मी टायर ठेवत नाही, नक्षी कितीही शिल्लक असो. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे आहेत (माझ्याकडे १८ इंची चाकांवर पुढे २३५, मागे २६५), त्यामुळे पुढचे मागे असा बदल करता येत नाही. आणि मागे चांगले टायर, पुढे मिळतील ते, हा काटकसरीचा मार्ग या गाडीत धरू नका. स्टेपनी नाहीच, पंक्चर भरायचं रसायन आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो. त्या रसायनाच्या बाटलीवर एक्स्पायरी असते, ती आजच जाऊन बघा.

बाकीच्या, थोडक्यात

परराज्यातली स्वस्त गाडी. महाराष्ट्रात वीस लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर १३ टक्के आणि आयात केलेल्या गाडीला त्याहून जास्त. म्हणून पुद्दुचेरीच्या पासिंगची गाडी स्वस्त दिसते. बारा महिन्यांच्या वर इथे ठेवायची तर कायद्याने इथलं पासिंग करावंच लागतं. एनओसी हातात पडल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी चालली असो वा नसो. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि घाट उतरताना पेडल मऊ पडतं.

ऑइल मोजायची पट्टी या गाडीत नाही. पातळी स्क्रीनवर दिसते, तीही इंजिन गरम आणि गाडी सपाटीवर असताना. ढाळावर उभं राहून पाहिलं, कमी दिसलं आणि ओतलं, असं करणारे मी तीन पाहिले. जास्तीचं ऑइल हे कमी ऑइलइतकंच वाईट.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. असा असेल तर बॉक्स्टर आरामात जाते. भूगावपासून पुढे गावोगावचे लोक स्वतः घालतात ते गतिरोधक निराळे. मागे कुणी नसेल तर तिरकं, एकेक चाक करत न्या. कुणी हॉर्न वाजवला तर वाजवू दे.

कापडी छतावर प्रेशर वॉशर नको.

गाडी बंद पडली तर फक्त फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक, बोलवा. पुढची दोन चाकं उचलून नेणाऱ्या क्रेनला ठामपणे नाही म्हणा. ओढायचा हुक टूलकिटमध्ये असतो आणि बंपरवरच्या छोट्या झाकणामागे आटे देऊन बसतो. हे फ्लॅटबेडवाल्याला माहीत नसतं, तुम्हाला असलं पाहिजे.

सायलेन्सर कापून आवाज वाढवू नका. या सहा सिलिंडरना आवाज वाढवायची गरज नाही. वरच्या आरपीएमला तो जो खणखणीत सूर लागतो, तो कापल्यावर नुसता गोंगाट उरतो.

आणि छत बंदच ठेवणं

ऊन, धूळ, लोक बघतात, सिग्नलला पोरं फोन काढतात. कारणं सगळी खरी आहेत. पण पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे साडेपाचला यातलं काही नसतं. छत उघडायला नऊ सेकंद लागतात, ताशी ५० पर्यंतच्या वेगात चालता चालताही उघडतं. बाजूच्या काचा वर, हीटरची हवा पायांवर, आणि गाडी मुळशीच्या दिशेला.

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात. या गाडीत पाय आधी घालून बसायला गेलं की अडकायला होतं. तिने स्वतःच रीत शोधली: दाराकडे पाठ करायची, आधी सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. उतरताना उलट, आणि माझा हात. रविवारी कानटोपी आणि शाल घेऊन ती माझ्याआधी खाली येऊन उभी असते. धरणाच्या भिंतीपाशी पोचेपर्यंत उजाडतं. तिथे मी इंजिन बंद करतो, थर्मासमधला चहा काढतो, आणि पाठीमागून तापलेल्या धातूची टिकटिक ऐकू येत राहते.