हार्ड डिस्क दिसत नाही? दुसऱ्यांदा जोडण्याआधी हे जवळ ठेवा

एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडली, दिवा लागला, पण कॉम्प्युटरवर काहीच उमटलं नाही, की हात आपोआप केबल काढ-घाल करायला लागतो. तो जरा आवरा आणि आधी एवढंच ठरवा: तुम्हाला डिस्क हवी आहे की तिच्यातला डेटा? डेटाची दुसरी प्रत कुठेतरी असेल तर बिनधास्त काहीही करून बघा. लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशेब त्या एकाच डिस्कवर असतील, तर मात्र सगळी तयारी करूनच पुढे जा. आजारी डिस्क किती वेळा चालू होईल याची हमी नसते.

पहिली वस्तू म्हणजे दुसरी केबल, आणि तीही डेटा नक्की जाणारी. बऱ्याच पोर्टेबल डिस्कना यूएसबी ३.० ची ती रुंद, दोन भागांची मायक्रो-बी पिन असते. ती सैल पडते आणि दिवा लागूनही डेटा जात नाही. टाइप-सी असेल तर मोबाइलच्या चार्जरची केबल उचलू नका, काही केबलींमधून फक्त वीज जाते. डेस्कटॉप असेल तर पुढचे पोर्ट सोडून थेट मदरबोर्डवरच्या मागच्या पोर्टला जोडा. हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा) मधे नको. अगदीच लागला तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हवा. कारण साधं आहे: अडीच इंची डिस्क सगळी वीज पोर्टमधूनच घेते. यूएसबी २.० चं पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००, आणि फिरायला सुरुवात करताना डिस्कला सगळ्यात जास्त वीज लागते. ती पुरली नाही की डिस्क घरघरते, थांबते, पुन्हा घरघरते.

साडेतीन इंची, टेबलावर ठेवायच्या डिस्कला वेगळा अडॅप्टर असतो, बहुधा १२ व्होल्टचा. मूळचा हरवला असेल तर पिन बसते म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावू नका. व्होल्ट, अँपिअर आणि पिनचं प्लस-मायनस, तिन्ही लेबलवर वाचून जुळवा. या एका घाईत धडधाकट डिस्कचा सर्किट बोर्ड जळू शकतो.

दुसरा कॉम्प्युटर किंवा शेजाऱ्याचा लॅपटॉप मागून ठेवा. तिथे डिस्क दिसली तर दोष तुमच्या पोर्टचा किंवा ड्रायव्हरचा. सोबत एक रिकामी डिस्क हवी, बंद पडलेल्या डिस्कहून मोठी. ही खरेदी लोक शेवटी करतात. मी ती सुरुवातीलाच करायला सांगेन, कारण डिस्क मधेच दिसू लागली तर ती चालू आहे तोवर फायली उतरवायच्या असतात, तेव्हा दुकान शोधत बसायचं नसतं. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच शोधा; ती मायक्रोसॉफ्ट खात्यात, छापलेल्या कागदावर किंवा एखाद्या फाइलमध्ये असते. डिस्क आधी मॅकवर वापरली होती का, हेही घरात विचारा. मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही. ती बिघडलेली नसते, मॅक शोधला की काम झालं.

आता जोडा, पण कान देऊन. सलग फिरण्याचा हलका आवाज ठीक. ठराविक अंतराने टक-टक ऐकू आली, किंवा डिस्क पडल्यानंतर हे सुरू झालं असेल, तर लगेच काढा आणि घरचे प्रयोग थांबवा. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतंच. नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. झाकण उघडणंही नको, आतलं हेड तबकडीपासून इतक्या कमी अंतरावर तरंगतं की धुळीचा कणही त्याला आडवा येतो.

आवाज ठीक असेल तर विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबून येणाऱ्या यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि जे दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढा. विभाग दिसतोय, पण त्याला अक्षरच नाही, तर राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्या. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. ‘रॉ’ (म्हणजे विंडोजला फॉरमॅट ओळखता येत नाही) असं लिहिलेलं असेल किंवा फॉरमॅट करायचं का असं विचारणारी चौकट आली, तर कॅन्सल. डिस्क ‘इनिशियलाइज’ करायची का, असं विचारलं तरी कॅन्सल. तिथे होकार दिला तर डिस्कवर नवा विभाग-तक्ता, म्हणजे कुठला विभाग कुठे आहे याची नोंद, लिहिला जातो. चेक-डिस्कही लगेच चालवू नका: दुरुस्तीच्या नावाखाली ती डिस्कवर लिहिते, आणि डेटा निघेपर्यंत त्या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. डिस्कचा आकार बरोबर दिसत असेल तर आशा ठेवा. लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने आधी पूर्ण प्रत रिकाम्या डिस्कवर घ्या आणि टेस्टडिस्क किंवा फोटोरेक हे हरवलेले विभाग आणि फायली शोधणारे प्रोग्रॅम त्या प्रतीवर चालवा. तिन्ही फुकट आहेत. आकार शून्य दिसत असेल किंवा ‘नो मीडिया’ येत असेल, तर सॉफ्टवेअर विकत घेऊन पैसे घालवू नका.

डेटा रिकव्हरीवाल्याकडे जायची वेळ आली तर तपासणीचे पैसे किती, डेटा निघाला नाही तर किती, हे लेखी घ्या. काय झालं ते खरं सांगा: पडली, भिजली, कोणी फॉरमॅट मारलं. डिस्कसोबत तिचा मूळ बोर्ड आणि केस दोन्ही द्या, कारण काही पोर्टेबल डिस्कमध्ये एन्क्रिप्शन त्या बोर्डावरच होतं आणि बोर्ड हरवला की आतली तबकडी शाबूत असूनही फायली वाचता येत नाहीत. पावतीवर डिस्कचा सिरीयल नंबर लिहून घ्या.