पहाटेची वही, दिवसभराचे फुगे

बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीतले माग सकाळी आठच्या सुमारास सुरू होतात आणि मग दिवसभर त्यांची खटखट चालूच राहते. माझं स्वतःचं लिखाण त्याआधी झालेलं असलं पाहिजे, हा नियम मी सहा वर्षं पाळतेय. माग सुरू झाले की मी दुसऱ्यांच्या शब्दांकडे वळते. मी कॉमिक्सचं संपादन करते. घरून, कामागणिक, कुणा एका प्रकाशनाच्या पगारावर नाही. आणि मला कथाकार व्हायचंय. आतापर्यंत पाच कथा छापून आल्या, संग्रह व्हायला अजून बऱ्याच लिहायच्यात.

खानापूर, निपाणी, येळ्ळूर अशा ठिकाणांहून मुलामुलींचे फोन येतात. ‘ताई, लेखक लिहितो, चित्रकार चित्रं काढतो, मग तुम्ही काय करता?’ प्रश्न अगदी रास्त आहे. मी सुरुवात केली तेव्हा हे समजावून सांगणारं माझ्या ओळखीत कुणी नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काम हातात येतं ते लिखाणाच्या रूपात. पान एक, चौकटी पाच, प्रत्येक चौकटीत काय दिसतं आणि कोण काय बोलतं. नवा लेखक हमखास असं लिहितो: ‘राजू दार उघडतो, आत येतो, पिशवी ठेवतो आणि आईकडे बघून हसतो.’ एका चौकटीत चार क्रिया. चौकटीत मावतो एक क्षण. चारांतला कुठला क्षण काढायचा आणि कुठले तीन वाचकाने मनातल्या मनात जोडून घ्यायचे, हे लेखकाशी बोलून ठरवणं हा संपादकाच्या कामाचा गाभा. दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत काय घडतं, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

मग चित्रकाराची कच्ची रेखाटनं येतात. काही बदलायचं असेल तर याच टप्प्यावर सांगा. शाई भरून झाल्यावर ‘हा माणूस डावीकडे घ्या’ म्हणणं म्हणजे चित्रकाराचे दोन दिवस पाण्यात. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून आधी बोलणारा शक्यतो डावीकडे हवा. नाहीतर संवादाच्या फुग्यांच्या शेपट्या एकमेकींवरून जातात आणि उत्तर आधी, प्रश्न नंतर वाचला जातो. छापील अंकात पान उलटण्याचाही हिशेब असतो. विषम पानं उजवीकडे येतात, सम पानं डावीकडे. वाचकाला दचकवायचं असेल तर ते चित्र सम पानावर, म्हणजे पान उलटल्यावरच दिसेल असं हवं. एका अंकात मी हे सगळं नीट जुळवलं होतं. छपाईच्या आदल्या दिवशी जाहिरातीचं एक पान मध्ये आलं, पुढची सगळी पानं एकेक घर सरकली आणि गुपित उघड करणारं चित्र समोरच्याच पानावर जाऊन बसलं. वाचकाला आधीच्या पानावरच सगळं दिसलं. तेव्हापासून पानांची शेवटची मांडणी हातात आल्याशिवाय मी काम संपलं असं म्हणत नाही.

आता फुगे. आपल्या लिपीत काम करणाऱ्याचा खरा कस इथे लागतो, आणि याबद्दल शिकवणारं कुणी भेटत नाही.

इंग्रजी कॉमिक्समधली अक्षरं बहुधा कॅपिटल, सगळी एका उंचीची. देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा, रफार, खाली उकार. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. म्हणून आपल्याला ओळींमध्ये जास्त जागा लागते, म्हणजेच त्याच फुग्यात कमी शब्द. मी एका फुग्यात वीस-बावीस शब्दांच्या पुढे जाऊ देत नाही. त्यात मराठीचे प्रत्यय. ‘त्यांच्यासारख्यांनासुद्धा’ हा एकच शब्द अरुंद फुग्याची अख्खी ओळ खातो आणि मध्ये तोडला तर वाचणारा अडखळतो. अशा वेळी अक्षर बारीक करू नका, वाक्य बदला. ‘तेसुद्धा घाबरले’ एवढ्यानं भागतं का ते बघा. बहुतेक वेळा भागतं.

दुसरी अडचण फाईलींची. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोड मजकूरसुद्धा चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसेल तर मोडतो. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली उभी राहतात. शिवाय हिंदीसाठी बनवलेल्या कित्येक फॉन्टमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे नसतात. मी एक चाचणीची ओळ करून ठेवलीय: ‘दुसऱ्या विद्यार्थ्याची कुऱ्हाड, हृदयातली शक्ती, लाल शाल.’ नवा चित्रकार, नवा फॉन्ट किंवा नवा प्रेस आला की पहिल्यांदा ही ओळ पाठवते आणि छापील दिसेल तशीच परत मागवते. त्यात काय मोडलंय ते लगेच कळतं. चौकटीतल्या निवेदनाच्या पट्ट्यांसाठी ‘मुक्ता’सारखा मोफत वापरता येणारा युनिकोड फॉन्ट सुरुवातीला पुरतो. आरडाओरडा आणि आवाज मात्र चित्रकाराकडून हातानंच काढून घ्या.

आवाजांवरून आठवलं. मराठीत आवाजांची केवढी श्रीमंती आहे! नारळ धपकन पडतो, ताट खणकन, दार धाडकन, पाऊस कधी रिपरिप तर कधी धो धो. तरी नवे लेखक ‘बूम’ आणि ‘क्रॅश’ लिहून पाठवतात. मी प्रत्येकाला सांगते, आधी घरातल्या भांड्यांचा आवाज ऐका, मग लिहा.

सीमाभागात राहण्याचा या कामाला फायदा होतो, हे मला उशिरा उमगलं. लहानपणी कन्नडचा तास म्हणजे शिक्षा वाटायची. आज माझं जवळजवळ निम्मं काम कन्नड येतं म्हणून मिळतं. कन्नड लेखकाची चित्रकथा मराठीत आणायची तर इंग्रजीचा फेरा कशाला? आपल्याकडच्या पोरांनी कन्नड नुसती बोलण्यापुरती न ठेवता वाचायला, लिहायलाही शिकून घ्यावी, असं मला अगदी मनापासून वाटतं. भाषेवरून इथे काय काय घडलंय ते आपल्याला ठाऊक आहे, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनची घरोघरची दुखणी मी विसरलेली नाही. पण शेजारच्या भाषेतली गोष्ट आपल्या भाषेत आणताना आपली भाषा मोठीच होते.

दोन वर्षांपूर्वी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णावरची चित्रकथा माझ्याकडे आली. १८२४ चं कित्तूरचं बंड, मग रायण्णाची लढाई आणि १८३१ मध्ये नंदगडला त्याला दिलेली फाशी. चित्रकार दूरचा, त्यानं हा मुलूख पाहिलेला नव्हता. मी खानापूरहून बस धरून नंदगडला गेले, झाडं, माती, घरांची कौलं, डोंगरांची रेघ असे फोटो काढून पाठवले. कच्च्या रेखाटनात एक शिपाई आगकाडी घासून मशाल पेटवत होता. घासून पेटणारी काडी इंग्लंडातच १८२६-२७ च्या सुमारास आली, मग १८२४ च्या कित्तुरात ती कुठून येणार? तिथे चकमक आणि कापूस आला. अशी एक चूक वाचकाला सापडली की पुढच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून ऐतिहासिक काम घेतलं की कपडे, दिवे, भांडी, हत्यारं आणि खाणं यांची एक यादी मी पहिल्याच दिवशी करते. मिरची, बटाटा, चहा यांची तारीख बघितल्याशिवाय पानावर येऊ देत नाही.

दिवस कसा जातो ते थोडक्यात. दहा ते एक कॉमिक्सचं लिखाण आणि रेखाटनं, कारण डोकं ताजं लागतं. जेवणानंतर फुग्यांचं वाचन, तेही मोठ्यानं. आईला आता सवय झालीय, ती भाजी निवडता निवडता मध्येच म्हणते, ‘हे असं कोण बोलत नाही गे.’ तिचं बहुतेक खरं असतं. पावसाळ्यात लाईटीचा भरवसा नसतो, म्हणून फाईल दर टप्प्याला दोन ठिकाणी ठेवते आणि मुदतीच्या दिवशी पाठवायचं काम आदल्या संध्याकाळीच पाठवते. आठवड्यातून एकदा सार्वजनिक वाचनालयात जाते. १८४८ पासूनची ही संस्था आपल्या गावात आहे आणि नवीन लेखकांना त्याचा पत्ता नसतो, याचं मला वाईट वाटतं.

पैशांचं बोलायलाच हवं. ताशी दर सांगू नका, पानावर सांगा आणि किती फेऱ्या तपासणार ते लिहून द्या. बत्तीस पानांच्या अंकाला तीन फेऱ्या धरून मला चार-पाच दिवस लागतात, चौथी फेरी आली तर वेगळे पैसे. सुरुवातीच्या काळात एका प्रकाशकानं दोन अंकांचं काम करून घेतलं आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. माझ्याकडे तोंडी शब्दापलीकडे काही नव्हतं. तेव्हापासून निम्मे पैसे आधी, आणि अटींचा किमान एक ईमेल. पैसे देताना बऱ्याचदा कर कापला जातो, तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते दरवर्षी तपासा आणि विवरणपत्र भरा. मिळकत कमी असेल तर कापलेला कर परत मिळतो. पुष्कळ नवी मंडळी तो तसाच सोडून देतात.

गोष्ट तुमची असेल तर आणखी जपा. १९५७ च्या कॉपीराईट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. एवढं माहीत असलं की ‘सगळे हक्क कायमचे’ ही ओळ समोर आल्यावर तुम्ही सही करण्याआधी थांबाल.

आणि आता पहाटेची वही. मी साडेपाचला उठते, चहा घेते आणि कागदावर लिहिते, संगणकावर नाही. संगणकासमोर बसले की दिवसभराची सवय जागी होते आणि वाक्य लिहून व्हायच्या आत मी ते कापते. कॉमिक्सनं मला खूप दिलं. संवाद आखूड ठेवणं, प्रसंग कुठे सोडून द्यायचा, वाचकावर विश्वास टाकणं. पण कथेला फुग्याची भिंत नसते. तिथे माणूस भटकत बोलतो, आणि ते भटकणंच कधी कधी गोष्ट असते. माझ्या पहिल्या कथा परत आल्या त्या याच कारणानं. एका संपादकांनी पत्रात लिहिलं होतं की सगळं चोख आहे, पण कुणी श्वास घेत नाही. त्यांच्या त्या दोन ओळींनी मला वर्षभराच्या कामापेक्षा जास्त शिकवलं.

कथा पाठवायच्या तर दिवाळी अंकांचा विचार उन्हाळ्यातच करा. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकानं सुरू केलेली ही परंपरा अजून नव्या कथाकाराला दार उघडते, पण ऑगस्टमध्ये पाठवलेल्या कथेला सहसा उशीर झालेला असतो. आणि आपल्या भागातली संमेलनं चुकवू नका. कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर, गावोगावचे लोक पदरमोड करून हिवाळ्यात साहित्य संमेलनं भरवतात. कथाकथनाला बसलेल्या बायका कुठल्या वाक्याला हसतात, कुठे चुळबुळ करतात, हे मागच्या रांगेतून बघा. त्या बघण्यातून मी कथा कापायला शिकले, आणि न कापायलाही.

कारण माझी सगळ्यात मोठी चूक मी स्वतःच्याच कथेत केली. आमच्याकडे बायकासुद्धा ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ असं बोलतात. माझी आजी तसंच बोलायची, घरी मीही बोलते, आणि हा लेख लिहिताना मात्र ‘येते, जेवते’ लिहितेय. आजीवरची कथा लिहिली तेव्हा तिच्या तोंडी शेवटचं वाक्य होतं, ‘मी येतो गे, दिवा लावायचा हाय.’ दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माझ्या हातानं ते ‘मी येते गं, दिवा लावायचा आहे’ असं करून टाकलं. वाक्य शुद्ध झालं आणि आजी गेली. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘ही कोण बाई?’

वर्षभरानं वही उघडून मी ते पुन्हा होतं तसं केलं. कथा यंदा एका दिवाळी अंकानं घेतलीय. काल तिचं मुद्रित तपासायला आलं. ‘येतो’ भोवती लाल गोल आणि समासात प्रश्नचिन्ह. तपासणाऱ्यानं आपलं काम चोख केलंय, त्याच्या जागी असते तर मीही तो गोल काढला असता. आज पहाटे माग सुरू व्हायच्या आधी मी गोलाशेजारी लिहिलं, ‘बेळगावकडच्या बायका असंच बोलतात. तसंच ठेवा.’